घरातल्या कचऱ्याचं रिसायकलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये कचरा वर्गीकरणाबद्दल बोलायला गेलं की काही प्रश्न हमखास येतात. बैठकीनंतर जिन्यात गाठून विचारले जातात, नंतर व्हॉट्सॲपवर येतात, आणि दर पावसाळ्यात पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत. तुमच्या गावात गाडीची वेळ आणि डब्यांचे रंग वेगळे असतील, बाकी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

१. घरात वेगवेगळे डबे ठेवून फायदा नक्की काय? आणि कोणाला?

सगळ्यात आधी वस्तूचा. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाच टक्क्यांत जुनं ॲल्युमिनियम वितळवून नवं करता येतं. म्हणून तर जर्मनची पोचे आलेली पातेली भंगारवाला कधी नाकारत नाही. लोखंडाच्या भंगारावर जालन्याचा अख्खा सळई उद्योग उभा आहे. तिथल्या भट्ट्यांमध्ये जुना पत्रा, मोडक्या सायकली, गंजलेली कपाटं वितळतात आणि घरांच्या स्लॅबमध्ये जातात. काच कितीही वेळा वितळवली तरी काचच राहते. कागदाचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होतो, तरी पाच-सात वेळा तो पुन्हा कागद होऊ शकतो. पाण्याच्या बाटल्यांपासून पॉलिएस्टरचा धागा होतो आणि तो उशांमध्ये, टी-शर्टमध्ये येतो.

दुसरा फायदा कचरा डेपोशेजारी राहणाऱ्यांना. तो प्रश्न ३ मध्ये सविस्तर आहे.

तिसरा फायदा ज्यांना होतो त्यांची आठवण सगळ्यात शेवटी निघते, म्हणून इथे जरा थांबते. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या त्यांच्यासोबत होत्या. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि कचराकुंडीत वाकून माल शोधणाऱ्या बायका घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. त्यांची कमाई दोन वाटांनी होते. एक घरटी मिळणारं शुल्क, दुसरी सुक्या कचऱ्यातून निघालेल्या मालाची विक्री. तुम्ही कचरा वेगळा आणि कोरडा दिलात तर ही दुसरी वाट रुंद होते. भाजीच्या देठांत कालवून दिलात तर त्यांना दुर्गंधीत हात घालून तो काढावा लागतो आणि भावही कमी मिळतो. शहराचं रिसायकलिंग आजही मोठ्या प्रमाणात या हातांनी होतं. यंत्र नंतर येतं.

२. कोणत्या डब्यात काय?

*ओला:* जे कुजतं ते. भाजीचा कचरा, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, फुलं, पाला.

*सुका:* कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, धातू, रबर, कापड, थर्माकोल.

*सॅनिटरी:* पॅड, डायपर, बँडेज (प्रश्न १२).

*घातक:* ट्यूब, सेल, औषधं, सुया, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे (प्रश्न १३ आणि १४).

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच वर्गीकरण करणं देशभर बंधनकारक केलं. त्यात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते आणि सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा होता. व्यवहारात चौथा भाग वेगळा ठेवलेलाच बरा.

३. ओला कचरा तसाही कुजतो. मग डेपोवर जाऊन कुजला तर बिघडलं कुठे?

तुमच्या बागेत कुजतो तेव्हा त्याला हवा मिळते. डेपोवर तो टनावारी कचऱ्याखाली दाबला जातो. हवा मिळाली नाही की मिथेन तयार होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि पेटही घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचा डेपो पेटला तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले होते. १९२७ पासून तिथे कचरा पडतो आहे.

दुसरं नुकसान पाण्याचं. कुजणाऱ्या ढिगातून काळं पाणी झिरपतं आणि ते वाटेत सेलमधले, रंगांमधले जड धातू सोबत घेत जमिनीत उतरतं. पुण्याचा कचरा डेपो असलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी त्या कचऱ्यापायी विहिरी खराब होताना पाहिल्या. त्यांनी गाड्या अडवल्या की शहरात चार दिवस कुंड्या वाहायच्या आणि बातम्या ‘पुणेकरांचे हाल’ अशा यायच्या. त्या गावांचे हाल त्याआधी कित्येक वर्षं चालू होते.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. तेवढा जरी घरात किंवा सोसायटीत जिरला तरी डेपोवरचा भार थेट उतरतो.

४. आम्ही वेगळा करून देतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग कशाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि तो रास्त आहे.

आधी पाहा की एकत्र होतं ते कोणत्या टप्प्यावर. कचरावेचक दारावरून कचरा घेतात तिथे त्या बहुधा गाडी येण्याआधीच माल निवडून बाजूला काढतात: पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, कडक प्लॅस्टिक, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच. गाडीत पडताना तुम्हाला दिसतो तो उरलेला भाग. म्हणजे गाडीत सगळं एकत्र दिसलं तरी तुमचं वर्गीकरण वाया गेलेलं नसतं.

पण जिथे गाडी थेट दाराशी येते आणि दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होतात, तिथे तक्रार केलीच पाहिजे. वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणं ही स्थानिक संस्थेची नियमाने ठरलेली जबाबदारी आहे. गाडीवरच्या माणसावर चिडून काही होत नाही. हौद्यात कप्पा नसेल तर तो तरी काय करणार? भागातल्या आरोग्य कोठीवर (महापालिकेच्या सफाई खात्याच्या स्थानिक कार्यालयात) जाऊन मुकादमांना किंवा आरोग्य निरीक्षकांना भेटा, गाडीचा क्रमांक आणि वेळ सांगा, आणि लेखी द्या. एकट्याने देण्यापेक्षा दहा घरांच्या सह्यांनी दिलेलं पत्र लवकर हलतं.

खरा तोडगा मात्र ओला कचरा आवारातच जिरवणं हा आहे. मग गाडीत एकत्र व्हायला ओलं काही उरतच नाही. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या मोठ्या संकुलांकडून २०१६ च्या नियमांची अपेक्षा हीच होती. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प खरोखर चालवणाऱ्यांना मिळकतकरात सूटही देते, त्याची चौकशी क्षेत्रीय कार्यालयात करा.

५. सुका कचरा धुवून द्यायचा म्हणजे पाणी वाया घालवणं नाही का?

नवं पाणी वापरूच नका. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी किंवा भाजी धुतलेलं पाणी पुरतं. दही-श्रीखंडाचा डबा, सॉसची बाटली, तेलाची पिशवी एकदा हलवून उपडी ठेवायची. चकचकीत करायची गरज नाही, अन्न चिकटलेलं नसलं म्हणजे झालं.

महत्त्व धुण्यापेक्षा कोरडं करण्याला आहे. एका दह्याच्या डब्यातलं पाणी संपूर्ण पिशवीतली रद्दी भिजवतं. भिजलेला कागद बुरशीने काळा पडतो, त्याला गिऱ्हाईक राहत नाही आणि मग तो डेपोवर जातो. पावसाळ्यात तर सुक्याची पिशवी उघड्या जिन्यात ठेवूच नका.

६. रद्दी आणि बाटल्या आम्ही दुकानात विकतो. ते चूक आहे का?

अजिबात नाही. रद्दीच्या दुकानातूनही माल पुढे घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्याकडेच जातो. फक्त एवढं ध्यानात घ्या, की चांगला भाव येणारं सगळं तुम्ही विकलंत तर दारावर येणाऱ्या ताईंच्या वाट्याला पाकिटं आणि डायपर तेवढे उरतात. काही घरं वर्तमानपत्रं विकतात आणि पुठ्ठे-बाटल्या ताईंना देतात. मला हा मार्ग पटतो.

७. दुधाची पिशवी कशी द्यायची?

कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीला लागलेला राहू द्या. तो इवलासा तुकडा कोणी वेचू शकत नाही. तो गटारात, नाल्यात आणि शेवटी मुळा-मुठेत जातो. पिशवी विसळून, दोरीला चिमटा लावून वाळवा आणि आठवड्याच्या पिशव्या एकात एक भरून द्या. हे प्लॅस्टिक चांगल्या प्रतीचं असतं आणि स्वच्छ असेल तर भंगारात त्याला भाव आहे.

८. प्लॅस्टिकच्या वस्तूखाली त्रिकोणात आकडा असतो. म्हणजे ती रिसायकल होते का?

तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पेट (PET) प्लॅस्टिक. २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन यांचं कडक प्लॅस्टिक. ४ म्हणजे दुधाच्या पिशव्यांचं मऊ प्लॅस्टिक. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, त्यात हॉटेलमधून येणारे डबे आले. या चारींना बाजार आहे. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे थर्माकोलची जात, त्यांना गिऱ्हाईक कमी. ७ मध्ये उरलेलं सगळं येतं. घरी हे आकडे पाहून वेगळं करत बसू नका. ताईंचे हात ते काम बोटांनी दाबून, आवाज ऐकून करतात.

९. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांची वेष्टनं, शाम्पूचे पाऊच?

हा सुक्या कचऱ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. या पाकिटांत प्लॅस्टिकचे वेगवेगळे थर आणि बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. बरंचसं सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये कोळशाच्या जोडीला जाळलं जातं. ते डेपोपेक्षा बरं, पण त्याला वस्तूचा पुनर्जन्म म्हणता येणार नाही. द्यायचं सुक्यातच, कोरडं करून. दहा लहान पाकिटांऐवजी एक मोठं आणणं हाच यावरचा खरा उपाय आहे.

दुधाच्या आणि रसाच्या खोक्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांत बहुतांश पुठ्ठा असतो आणि पाण्यात लगदा करून तो सुटा करता येतो. खोकी विसळून, चपटी करून द्या.

१०. कागदासारखं दिसतं ते सगळं रद्दीत चालतं का?

नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो. दुकानाची गुळगुळीत पावती, जिच्यावरची अक्षरं उन्हात उडतात, तिच्यावर रसायनाचा लेप असतो. ती रद्दीत नको आणि खतातही नको. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून पुठ्ठ्यात द्या, तेलकट तळ तुकडे करून कंपोस्टमध्ये टाका. वापरलेले टिश्यू, तेल लागलेला वर्तमानपत्राचा कागद हेही रद्दीत नाही. झगमगीत गिफ्टचा कागद चुरगाळून पाहा. पुन्हा उलगडला तर ते प्लॅस्टिक आहे.

११. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी कशात?

सुक्यात नाही. ती दुधाच्या पिशव्यांसोबत वितळली तर त्या मालाची प्रत बिघडते. घरच्या कुंडीत मात्र ती लवकर विरघळेल असं समजू नका. तिला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली टिकून राहणारी उष्णता लागते. ओला कचरा नेणाऱ्यांना विचारून त्यांच्याकडे द्या. आणि खरं सांगायचं तर ओल्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी लागतच नाही. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला, डबा रिकामा करून धुवा.

१२. सॅनिटरी पॅड आणि डायपर कसे द्यायचे?

वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर लाल पेनाने ठळक ठिपका काढून, वेगळे. ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम यासाठीच चालवली. पुडीत काय आहे हे न उघडता कळलं की कोणाच्या हाताला ते लागत नाही. डायपरमधली विष्ठा आधी शौचालयात टाका. पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका आणि शौचालयातून वाहून जाऊ देऊ नका.

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात आणि पुरुष विचारतच नाहीत. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, कारण कचरा खाली नेणारे बऱ्याच घरांत बाबा किंवा मुलगे असतात.

१३. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया?

काच जाड कागदात किंवा जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि पिशवीत न टाकता हातात द्या, तोंडाने सांगा. ब्लेड जुन्या डबीत साठवा.

सुयांबाबत थोडीही ढिलाई नको. घरात मधुमेही असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर सुया जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या बरणीत गोळा करा. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून घातक कचरा म्हणून द्या. तुमचा दवाखाना त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेतो का तेही विचारून पाहा. सुई टोचून कावीळ ब किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. कचरावेचक ताईंना हा धोका रोजचा आहे.

१४. ट्यूब, सेल, जुने मोबाइल, चार्जर?

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून फोडू नका, नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून द्या. एलईडीमध्ये पारा नसतो, ते ई-कचऱ्यात चालतात. मोबाइलची फुगलेली बॅटरी सगळ्यात धोक्याची. ती गाडीत दाबली गेली की पेटते. ती वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि लवकर ई-कचरा संकलनात पोचवा.

ई-कचऱ्यात तांबं असतं, थोडं सोनंही असतं, म्हणून कोणीही घेऊन जायला तयार असतो. पण तांब्यासाठी उघड्यावर वायर जाळली जाते आणि सोन्यासाठी आम्लात सर्किटच्या पाट्या बुडवल्या जातात तेव्हा तो धूर आणि ती वाफ तिथे काम करणाऱ्याच्या छातीत जाते. शक्यतो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत माल जाईल अशा संकलनातच द्या. देण्याआधी मोबाइलमधली माहिती पुसायला विसरू नका.

१५. फ्लॅटमध्ये कंपोस्ट केलं तर वास आणि अळ्या होतात ना?

वास आला याचा अर्थ ओलावा जास्त झाला आणि हवा कमी पडली. दर थरावर कोरडा पाला, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा घाला, ओल्याच्या निम्मा तरी. आठवड्यातून दोनदा खालवर करा. कंपोस्टच्या ड्रमला भोकं हवीत. सुरुवातीला आंबट ताक शिंपडलं किंवा जुनं खत मूठभर मिसळलं तर विकतचं कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) लागत नाही. दीड-दोन महिन्यांत मातीसारखं मोकळं, पावसाच्या वासाचं खत हाताशी येतं.

अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि तुमचं काम झपाट्याने करतात. नको असतील तर कोरडा पाला वाढवा. तेलकट भाजी, मासे-मटणाची हाडं आणि भरमसाट लिंबाची सालं मात्र घरच्या ड्रममध्ये टाळा.

१६. करवंट्या, शहाळी, आंब्याच्या कोयी?

कुजतात, पण फार सावकाश. ड्रममध्ये अडचण करतात म्हणून वेगळ्या ठेवा. नारळाच्या शेंड्या ड्रमच्या तळाला पाणी निथळायला फार उपयोगी. शहाळ्यांसाठी मात्र चिरणारं यंत्र लागतं, ती ओल्या कचऱ्यात वेगळी करून द्या.

१७. निर्माल्य आणि गणपतीची मूर्ती कचऱ्यात कशी टाकायची?

निर्माल्य कचरा म्हणून देऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांच्या भावनेचा मान राखूनच सांगते: फुलं आणि दूर्वा तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीत खत होऊन जाणं यात काही कमीपणा नाही. आधी त्यातला दोरा, प्लॅस्टिकची फुलं, जरीची लडी काढा. गणेशोत्सवात घाटांवर निर्माल्य कलश असतात, तेही खतासाठीच जातं.

शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळते. माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचे उपक्रम पुण्यात चालतात, तिथे ती जाऊ शकते. प्लॅस्टरची मूर्ती साध्या पाण्यात लवकर विरघळत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आणि महापालिकेने ती पावडर वाटली. पाण्यात तळाशी चुन्याच्या जातीचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं.

१८. जुने कपडे कोणी घेत नाही. काय करू?

घालण्याजोगे असतील तर धुवून, घडी करून द्या. फाटके सुती कपडे फडकी होतात. लोकरीचे आणि मिश्र धाग्याचे कपडे हरियाणातल्या पानिपतला जातात. तिथे ते उसवून, पिंजून पुन्हा सूत होतं आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं विणली जातात. ओले किंवा कुबट कपडे मात्र कुठेच जात नाहीत.

१९. आमच्याकडे गावाला गाडी येत नाही. जाळल्याशिवाय पर्याय नाही.

पर्याय आहे. ओला कचरा गावात कधीच अडचणीचा नव्हता, परड्यात खड्डा असतोच. अडचण प्लॅस्टिकची. ते जाळलं की विषारी धूर होतो, त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन हे फार घातक रसायनही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी साधारण प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. धुतलेलं कोरडं प्लॅस्टिक पोत्यात महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी वास येत नाही. चार-पाच घरांनी पोती साठवून तालुक्याच्या भंगारवाल्याला एकदम बोलावलं तर तो टेम्पो घेऊन येतो. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने घरातल्या वर्गीकरणाच्या जोरावर आपल्या कचरा डेपोचं रूप पालटलं. त्याला मोठ्या शहराचा पैसा लागला नाही.

२०. रिसायकल होतं म्हटल्यावर प्लॅस्टिक वापरायला हरकत नाही ना?

आहे. प्लॅस्टिक प्रत्येक फेरीत खालच्या प्रतीचं होतं. बाटलीचा टी-शर्ट होतो, टी-शर्टचं पुढे बहुधा काही होत नाही. शिवाय प्रश्न ९ मधली पाकिटं रिसायकलिंगच्या कारखान्यापर्यंत पोचतच नाहीत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली, देशभरात एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून आली. कापडी पिशवी आणि स्टीलचा डबा घेऊन बाहेर पडणं आधी, डबे वेगळे करणं नंतर.

२१. गादी, मोडका सोफा, कमोड, छत्री. हे कशातच बसत नाही.

रोजच्या गाडीत टाकू नका आणि रात्री कोपऱ्यावर नेऊन ठेवू नका. मोठ्या वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ आणि महापालिका अधूनमधून संकलन शिबिरं घेतात, तारीख आरोग्य कोठीवर किंवा तुमच्या ताईंकडे कळते. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरून मिळते, फोमची नाही. कमोड, फरशा, विटा हा बांधकामाचा राडारोडा आहे, त्यासाठी वेगळी गाडी मागवावी लागते. छत्रीचं कापड उसवलं की काड्या पत्र्यात जातात. ते घरी जमत नसेल तर छत्री अख्खीच सुक्यात द्या, ताई ती पाच मिनिटांत सोडवतात.